ड्रमवर हात पळत होता, दुरुस्ती पायात केली

माझा पुतण्या आठवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो, अन् २६ जानेवारीच्या आधी पोरगं रोज रडून राहिलं होतं, कारण चालायला लागलं की हात पायाच्या पुढे पळे. मी ड्रम बाजूलाच ठेवायला लावला. गच्चीवर मोबाईलचा मेट्रोनोम (एकसारखी टिकटिक देणारं अ‍ॅप) मिनिटाला ८० ठोक्यांवर लावून नुसतं कदमताल, पहिला ठोका नेमका डाव्या पायावर, मग मांडीवर टाळी, मग जुन्या वहीवर काड्या. काडी पण मुठीत आवळायचा बिचारा, अंगठा अन् पहिल्या बोटात सैल धरली तेव्हा कुठे उसळायला लागली. रोज थोडा स्पीड वाढवत मार्चिंगच्या १२० वर आलो, दोन आठवडे लागले. परवा घरात शिरताच ओरडला, "काका, आज सरांनी एकदाही थांबवलं नाही!"