फिरत्या चाकातील हवेचा दाब: बिनतारी सेन्सर कसे बसवावेत आणि कसे वाचावेत

उभ्या गाडीच्या टायरला गेज लावून हवा तपासता येते; परंतु चाक फिरू लागले की त्याला तार जोडता येत नाही. त्यामुळे दाब मोजणारा सेन्सर स्वतःची बॅटरी घेऊन चाकाबरोबरच फिरतो आणि मोजलेला आकडा रेडिओलहरींवरून चालकासमोरच्या पडद्याकडे पाठवतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांसाठी ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारिता वापरली जाते. अमेरिकेतील अनेक संच ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणून परदेशातून नातेवाइकांनी आणलेला सुटा सेन्सर येथील गाडीशी जुळेलच असे नाही.

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बाहेरून पिळून बसवतात, तर दुसरा व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमच्या आतल्या बाजूला बसतो. बाहेरचा सेन्सर घरी पाच मिनिटांत लावता येतो, पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. तो व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो, त्यामुळे आतली हवा केवळ त्याच्या रबरी वॉशरच्या भरवशावर थांबलेली असते. दुसरी मर्यादा वजनाची आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हजवळच्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट बल येते. म्हणजे १० ग्रॅमची टोपी दीड किलोच्या वजनाइतकी बाहेर ओढली जाते आणि रबरी व्हॉल्व्ह वाकत राहतो. म्हणून बाहेरचा सेन्सर लावायचाच असेल तर आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. महामार्गावर नेहमी जाणाऱ्यांनी थोडा खर्च सोसून आतला सेन्सर निवडावा, असे माझे मत आहे.

आतला सेन्सर बसवण्यासाठी टायर उतरवावा लागतो, त्यामुळे नवे टायर घालतानाच हे काम उरकणे सोयीचे ठरते. व्हॉल्व्हचे भोक आधी पुसून स्वच्छ करावे, नवा वॉशर घालावा आणि नट टॉर्क पान्याने, माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच आवळावा; हाताच्या अंदाजाने आवळलेला ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह सहज तुटतो. त्यानंतर चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. पुढे कधी पंक्चर काढायचे झाले, तर टायरची कड सोडवणारे मशीन लावण्यापूर्वीच दुकानदाराला आत सेन्सर असल्याचे सांगावे. मी एकदा हे सांगायला विसरलो आणि मशीनच्या पहिल्याच दाबासरशी प्लॅस्टिक तुटल्याचा आवाज आला. टायरमध्ये ओतण्याचे पंक्चररोधक द्रावणही टाळावे, कारण ते सेन्सरचे बारीक छिद्र बुजवू शकते.

प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या पडद्यावर उमटत नाही. कोणता क्रमांक कोणत्या चाकाचा, हे मात्र यंत्राला एकदा शिकवावे लागते. शिकवून झाल्यावर पुढच्या डाव्या चाकातील हवा थोडी सोडावी, गाडी थोडी फिरवून आणावी आणि पडद्यावर त्याच चाकाचा आकडा उतरला आहे ना, याची खात्री करावी. फिरवून आणायचे कारण असे, की बॅटरी वाचवण्यासाठी बरेच सेन्सर उभ्या गाडीत झोपी जातात आणि चाक फिरू लागल्यावरच नियमित संदेश पाठवतात. टायरच्या जागा अदलाबदल केल्यावर ही नोंद पुन्हा करावी लागते.

आकडा वाचण्यात सर्वाधिक चुका होतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दिलेला दाब थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा असतो. समजा, नागपूरहून पहाटे २५ अंश तापमानात ३३ पीएसआय हवा भरून आपण समृद्धी महामार्गावर निघालो. धावता धावता टायरमधील हवा ५५ अंशांपर्यंत तापली, तर पडदा ३८ च्या आसपास आकडा दाखवील. तो पाहून घाबरून ३३ पर्यंत हवा सोडली, तर रात्री टायर थंड झाल्यावर तोच दाब २८ ते २९ वर येईल आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास कमी हवेवर सुरू होईल. गरम टायरची हवा सोडू नये. चारही चाके मिळून चढत असतील तर तो उष्णतेचा परिणाम समजावा. तीन चाके ३८ वर आणि एक ३४ वर दिसत असेल, तर मात्र त्या चाकात खिळा शोधावा. कमी दाबाचा इशारा थंड दाबाच्या सुमारे २० टक्के खाली, म्हणजे ३३ साठी २६ वर ठेवावा.

कोकणातल्या खाऱ्या हवेत पितळी आटे ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर गंजून घट्ट बसतात. तेथे बाहेरचा सेन्सर दर महिन्याला एकदा काढून, पुसून लावावा आणि आतल्या सेन्सरच्या व्हॉल्व्हवर प्लॅस्टिकचीच टोपी ठेवावी. बाहेरच्या सेन्सरची नाण्यासारखी बॅटरी घरी बदलता येते, मात्र ती बदलताना वॉशरही तपासावा. आतल्या सेन्सरची बॅटरी सीलबंद असते आणि साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते. ती संपली की पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो.