विसरण्याचे खापर वयावर फोडण्याआधी: मेंदूच्या काळजीतील या चुका टाळा

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ओळखीचे नाव चटकन आठवले नाही की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय संपवला जातो, नाही तर बदाम, ब्राह्मी किंवा जाहिरातीत पाहिलेले टॉनिक घरी येते. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की मेंदू हा बाकीच्या शरीरापासून अलग असून त्याचे भले-बुरे त्याच्यापुरतेच असते. प्रत्यक्षात शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के भरणारा हा अवयव शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, आणि ती त्याला रक्तातून अखंड मिळावी लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित अशी 14 बदलता येण्याजोगी कारणे नोंदवली आणि ती सगळी दूर करता आली तर जगातील सुमारे 45 टक्के रुग्णांमधला हा आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज मांडला. त्या यादीत ऐकू कमी येणे, नजर अधू होणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, स्थूलता, धूम्रपान, अति मद्यपान, हालचालीचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण आणि लहानपणी कमी मिळालेले शिक्षण यांचा समावेश आहे. ही यादी सोलापूरकराने आपल्या शहराकडे पाहत वाचली, तर कुठे चुकते आहे हे बरेचसे स्पष्ट होते.

कानाची तक्रार कानापुरतीच मानणे

या शहरात माझ्या मते ही सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित चूक आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांत यंत्रमागांचा खडखडाट 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि 8 तासांच्या कामासाठी 85 डेसिबलच्या पुढचा आवाज कानाला घातक मानला जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाची श्रवणशक्ती एकदम जात नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने आणि स्त्रियांचे व मुलांचे बोलणे धूसर होते, आणि तो माणूस ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे सांगतो. घरचे मात्र त्याचे लक्ष नसते, किंवा त्याची स्मरणशक्ती गेली, असा निष्कर्ष काढतात.

जे नीट ऐकूच आले नाही ते आठवणार कसे, हा झाला पहिला भाग. दुसरा भाग अधिक गंभीर आहे. अर्धवट ऐकू आलेले वाक्य जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, चारचौघांत बोलणे नकोसे वाटू लागते, आणि माणूस हळूहळू लग्नसमारंभ, भजन, कट्टा या सगळ्यांतून अंग काढून घेतो. अमेरिकेत 70 ते 84 वर्षे वयाच्या 977 जणांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्र आणि समुपदेशनाचा सरसकट सगळ्यांना लाभ दिसला नाही. पण ज्यांच्या बाबतीत धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात 3 वर्षांतील बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावलेली आढळली. हा फरक लहान नाही.

यात एक नेहमीची अडचण येते. कानाचे मशीन घेतले जाते, चार दिवस लावले जाते, भांड्यांचा आवाजही सहन होत नाही म्हणून ते कपाटात जाते आणि ‘मशीनचा उपयोग नाही’ असे ठरते. बराच काळ न ऐकलेल्या आवाजांची मेंदूला पुन्हा सवय होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, रोज थोडा वेळ मशीन लावावे, वेळ वाढवत न्यावी आणि त्रास होत असल्यास मशीन बसवून देणाऱ्याकडे जाऊन आवाजाची पातळी बदलून घ्यावी. त्याही आधी कानात मळ साचलेला नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. जे आज मागावर काम करत आहेत त्यांनी कापसाच्या बोळ्यावर विसंबू नये, कारण त्याने आवाज फारसा अडत नाही; कानात बसणारे इअरप्लग किंवा कानावरचे मफ वापरावेत.

रक्तदाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणे

रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि मेंदूतील अतिशय बारीक रक्तवाहिन्या मात्र त्या काळात कडक व अरुंद होत जातात. चाळिशी ते पासष्टीच्या दरम्यानचा रक्तदाब पुढच्या स्मरणशक्तीसाठी विशेष महत्त्वाचा ठरतो. लॅन्सेट आयोगाने चाळिशीपासून वरचा आकडा 130 किंवा त्याखाली ठेवण्याचा सल्ला दिलेला आहे. आपल्या प्रकृतीसाठी नेमका आकडा कोणता, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. मोजणी नॉर्मल आली ती गोळीमुळे आली, हे लक्षात न घेता गोळी सोडणारे लोक प्रत्येक पेठेत भेटतात. मधुमेहाच्या बाबतीतही हेच होते, आणि तिथे रक्तवाहिन्यांबरोबर नसांचेही नुकसान होते.

मिठाचा विचार येथेच करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्याइतकेही नाही. त्यात भाजी-आमटीतले मीठ आले, तसेच लोणचे, पापड, फरसाण आणि चटणीतलेही आले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही. ज्वारी आणि शेंगदाणा ही चांगलीच अन्ने आहेत. फक्त घरी चटणी कुटताना मीठ निम्मे करावे आणि तिच्या जोडीला लोणचे-पापड वाढू नये. जीभ काही दिवसांत सरावते.

‘दिवसभर दुकानात उभाच असतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा युक्तिवादही फसवा आहे. उभे राहण्याने हृदयाची गती फारशी वाढत नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. 120 ज्येष्ठांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आठवड्यातून 3 दिवस 40 मिनिटे चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्यात मुख्य वाटा असलेला भाग, वर्षभरात सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो थोडा घटला. सिद्धेश्वर तलावाचा परिसर किंवा हुतात्मा बाग यासाठी पुरेशी आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पारा 40 अंशांच्या वर असताना, चालणे सूर्य वर येण्याआधी आटोपावे.

याला लागूनच एक सूचना. उन्हाळ्यात वृद्ध माणूस एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र ओळखेना, सारखा झोपाळू दिसू लागला, तर त्याला स्मृतिभ्रंश समजून स्वस्थ बसू नये. वयाबरोबर तहान कमी लागते, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी व क्षार अधिकच घटतात, आणि त्यातून असा गोंधळ उद्भवतो. लघवीच्या संसर्गानेही असेच होते. वेळेवर उपचार झाल्यास तो बहुतांशी ओसरतो.

लक्षच नव्हते, त्याला विसरणे म्हणणे

किल्ली कुठे ठेवली, गॅस बंद केला की नाही, नुकत्याच भेटलेल्या माणसाचे नाव काय होते, अशा तक्रारींपैकी बऱ्याच स्मृतीच्या नसतातच. ती गोष्ट करताना लक्ष मोबाइलवर किंवा दुसऱ्याच विचारात असते, त्यामुळे आठवण तयारच होत नाही. मग ती सापडणार कुठून? यावरचा उपाय साधा आहे. किल्ली, चष्मा, औषधे यांची जागा ठरवून टाकावी, गॅस बंद करताना ‘गॅस बंद केला’ असे तोंडाने म्हणावे, नवे नाव ऐकले की बोलण्यात ते एकदा वापरावे, आणि जेवताना किंवा हिशेब करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. अभ्यास करणाऱ्या मुलांनी तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे. आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मृती पक्की होते.

नेहमीचे विसरणे आणि काळजीचे विसरणे यांत फरक करता येतो. नाव आत्ता आठवले नाही आणि तासाभराने आठवले, तर ते नेहमीचे. नवी पेठेतून सात रस्त्याकडे अनेक वर्षे ये-जा करणारा माणूस त्याच वाटेवर गोंधळला, रोजचा हिशेब जमेना, थोड्या थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला किंवा स्वभावच बदलला, तर तपासणी करावी.

झोपेला उरलेला वेळ देणे

दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेत होते, हे आता निर्विवाद आहे. प्रौढांना 7 ते 8 तासांची झोप लागते. पाळीत काम करणाऱ्यांची गैरसोय खरी आहे, तरी दर आठवड्याला पाळी बदलण्याऐवजी शक्य तिथे एकच पाळी अधिक काळ मागून घेणे, सकाळी घरी परतताना गॉगल लावणे आणि झोपण्याची खोली पूर्ण अंधारी करणे एवढे करता येते. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस ‘गाढ झोपतो’ असे घरचे सांगतात, पण त्याच्या मेंदूला रात्रभर प्राणवायू कमी पडत असतो. यावर उपचार आहेत.

झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून मनाने आणून महिनोन्‌महिने घेणे वृद्धांनी कटाक्षाने टाळावे. त्यांच्यापैकी कित्येक औषधे स्मरणशक्ती मंद करतात आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढवतात.

घरच्या भाषा आणि घरची माणसे गमावणे

सोलापूरला लाभलेली एक मोठी गोष्ट आपण स्वतःहून टाकून देत आहोत, याची मला मनापासून खंत वाटते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या कुटुंबांत कन्नड, कुठे दख्खनी उर्दू, आणि बाजारात सगळ्यांची मराठी, असे एकाच दिवसात दोन-तीन भाषांत वावरणारे हे शहर आहे. हैदराबाद येथील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले, आणि निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक आढळला. भाषांमुळेच हे घडते असे यावरून सिद्ध होत नाही आणि सर्वच अभ्यास याला दुजोरा देत नाहीत. तरीही एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदूला सतत निवड करावी लागते, हे उघड आहे. असे असताना नातवंडांचे इंग्रजी बिघडेल म्हणून आजीला ‘तेलुगूत बोलू नका’ असे बजावणे ही दुहेरी हानी आहे: मुलाची एक भाषा जाते आणि आजीचे बोलणेच थांबते.

बोलणे थांबणे हे स्वतःच धोक्याचे आहे. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला गेल्यावर जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये दोघेच उरतात, पुढे एकच. शब्दकोडे आणि मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’ ही जागा भरून काढत नाहीत. एखादे कोडे सतत सोडवल्याने मुख्यतः तेच कोडे सोडवण्यात हातखंडा येतो. नवे काही शिकणे, तेही माणसांत मिसळून, अधिक उपयोगी पडते: भजनी मंडळात पेटी शिकणे, शेजारच्या मुलाला गणित शिकवणे, मंडळाचा जमाखर्च पाहणे. नैराश्य आलेला वृद्ध पुष्कळदा ‘मला काही आठवत नाही’ एवढेच सांगतो, म्हणून त्याच्या मनाची चौकशी अवश्य करावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक यासाठी मोफत उपलब्ध आहे.

तपासणीआधीच टॉनिक सुरू करणे

जिंकगो या प्रसिद्ध वनस्पतीच्या अर्काची 3,069 ज्येष्ठांवर चाचणी होऊन 2008 मध्ये निष्कर्ष आले. स्मृतिभ्रंश रोखण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. मूठभर बदामांनी नुकसान नाही, पण ते तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. विसरण्याची काही कारणे वेळेवर सापडली तर सुधारतात, आणि त्यांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आघाडीवर आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसते, त्यामुळे पूर्ण शाकाहारी आणि दूध-दही कमी घेणाऱ्या घरांत ते कमी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही त्याचे शोषण घटते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, थकवा आणि विसराळूपणा एकत्र असेल तर ब-12 तपासावे. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम, रक्तदाब, ऐकणे आणि नजर यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढे व चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत, आणि घरातील एखाद्या जवळच्या माणसाने बरोबर जावे, कारण काय विसरले जाते हे रुग्णाला स्वतःला सांगता येतेच असे नाही.

मिशरी, तंबाखू आणि विडी यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तंबाखूतील निकोटीन रक्तदाब वाढवते आणि धूर रक्तवाहिन्या खराब करतो, एवढे कारण सोडण्यास पुरेसे आहे. दुचाकीवर हेल्मेट मागे बसणाऱ्यानेही घालावे आणि पट्टा लावावा.

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले तर ते पक्षाघाताचे लक्षण समजावे. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे आणि 108 ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याची शक्यता अशा वेळी सर्वाधिक असते.