डीएनएस बदलताना या चुका टाळा: साइट दिसली म्हणजे काम झालं नाही

पुण्यातल्या छोट्या कारखान्यांच्या आणि दुकानांच्या साइट मी सांभाळतो. घाबऱ्या आवाजातला एक फोन ठरलेला असतो: "काही केलं नाही हो, फक्त नेमसर्व्हर बदलला."

हे 'फक्त' फार महागात पडतं. डीएनएस म्हणजे डोमेनची साइट कुठे आहे, मेल कुठे जातो, हे सांगणारी वही, आणि नेमसर्व्हर म्हणजे ती वही ठेवणारा सर्व्हर. नेमसर्व्हर बदलला की डोमेनची अख्खी वहीच बदलते. जुन्या वहीतल्या मेलच्या आणि सबडोमेनच्या नोंदी नव्या वहीत आपोआप येत नाहीत.

भोसरीतल्या एका वर्कशॉपची साइट नव्या होस्टिंगवर न्यायची होती. काम घेतलेल्या मुलाने बुधवारी संध्याकाळी नेमसर्व्हर बदलले, साइट उघडून पाहिली आणि मालकांना स्क्रीनशॉट पाठवला. गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी. शुक्रवारी दुपारी चाकणहून गिऱ्हाइकाचा फोन आला, "सुधारित ड्रॉइंगचा मेल दोनदा परत आला, दुसरा पत्ता द्या." तोवर जुन्या ड्रॉइंगवर दोनशे नग कापून झाले होते.

नव्या होस्टिंगने झोनमध्ये, म्हणजे या वहीत, स्वतःचाच एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ती नोंद) घालून ठेवला होता. खरे मेलबॉक्स दुसरीकडेच. त्यामुळे हा सर्व्हर प्रत्येक मेल 'असा पत्ता नाही' म्हणत परत पाठवत होता. दुरुस्ती दोन मिनिटांची होती, पण टीटीएल, म्हणजे नोंदीची प्रत इतरांनी किती वेळ साठवायची ती मुदत, होती १४४०० सेकंद. म्हणजे ज्यांनी चुकीची नोंद नुकतीच उचलली होती, त्यांच्याकडे ती आणखी चार तास राहणार. परत गेलेले मेल तर आपल्याकडे कुठेच नसतात. मालक आणि मी संध्याकाळपर्यंत एकेका गिऱ्हाइकाला फोन करत बसलो.

तेव्हापासून नेमसर्व्हरला हात लावण्याआधी मी जुना झोन एक्सपोर्ट करतो आणि एमएक्स, टीएक्सटीच्या (मजकुराच्या) नोंदी कागदावर हाताने उतरवतो. हाताने लिहिताना ही ओळ कशासाठी आहे, हा प्रश्न पडतोच. पॅनेलमधल्या 'रेकॉर्ड स्कॅन करा' या बटणावर माझा विश्वास नाही. ते नेहमीची नावं शोधतं, डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) सिलेक्टरसारखी आडवळणाची नावं त्यातून सुटतात. आणि जुना झोन लगेच पुसू नका. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. तेवढा वेळ काही लोक जुन्याच वहीत बघत असतात.

दुसरी चूक उतावळेपणाची. बदल दिसला नाही की नवशिके दहा मिनिटांत परत काहीतरी बदलतात, मग आणखी काहीतरी. 'प्रोपगेशन', म्हणजे बदल पसरणं, या शब्दाने घोळ केलाय. डीएनएसमध्ये बदल कुठे पसरत वगैरे नाही. लोकांकडच्या जुन्या प्रतींची मुदत संपते, एवढंच. म्हणून आदल्या दिवशीच टीटीएल ३०० सेकंद करून ठेवा. ऐनवेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुनी प्रत जुन्याच मुदतीची असते. नवं सबडोमेन तयार करण्याआधी ते ब्राउझरमध्ये उघडून बघू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरही साठवलं जातं. मी आधी डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने थेट डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारतो. तिथे उत्तर बरोबर असेल तर पॅनेल बंद करून चहाला जातो.

एसपीएफची, म्हणजे डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणारी, टीएक्सटी नोंद एकच हवी. नवी मेल सेवा आली की तिचा भाग त्याच ओळीत जोडा. दोन ओळी झाल्या की तपासणीच फसते.

मूळ डोमेनवर सीनेम (हे नाव त्या दुसऱ्या नावाचं टोपणनाव, असं सांगणारी नोंद) लावू नका. तिथे एसओए (झोनची माहिती) आणि एनएस (नेमसर्व्हरची नावं) या नोंदी असतातच, आणि सीनेम दुसऱ्या नोंदींशेजारी नांदत नाही.

डीएनएसेक, म्हणजे नोंदींवरची डिजिटल सही, चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडचा (जिथे डोमेन नोंदवलं त्या कंपनीकडचा) डीएस रेकॉर्ड, म्हणजे त्या सहीच्या किल्लीची खूण, काढा आणि त्याचा टीटीएल संपू द्या. नाहीतर ही सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांना (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरांना) डोमेन सापडणारच नाही.

आणि रजिस्ट्रारचं खातं मालकांच्या ईमेलवर हवं, साइट करणाऱ्या मुलाच्या नाही. तो नोकरी बदलून गेला, की नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते आणि डोमेन संपल्याचं मालकांना गिऱ्हाइकाकडून कळतं.