चालू इंजिनवर रिव्हर्स करकरतो, बंद इंजिनवर सगळे गिअर पडतात: माझा अनुभव

टोयोटाच्या ३ लिटर टूजेझेड इंजिनावरचा ऑटोमॅटिक काढून आर-१५४ मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला. इंजिन बंद असताना पाचही गिअर लोण्यासारखे पडत. चालू केलं की पहिला पडेना, रिव्हर्स करकर वाजे. सोलापूरच्या उन्हात गाडी तापली की जास्तच.

क्लचची हवा काढली, पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर बदलला, क्रँकमध्ये (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टमध्ये) गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं नवं पायलट बेअरिंग घातलं (ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये ते बहुधा नसतंच, आधी तेवढं बघा). फरक शून्य. डोकं फुटायची वेळ आली होती.

दोष निघाला बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या केंद्रात: ते क्रँकच्या केंद्राशी जुळत नव्हतं. गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट उतरवली. स्पार्क प्लग काढले, म्हणजे क्रँक हाताने फिरतो. बेलहाउसिंग एकटं ब्लॉकवर पूर्ण आवळलं. डायल गेजचा (बारीक फरक मोजणाऱ्या काट्याच्या मापकाचा) मॅग्नेट फ्लायव्हीलवर, टोक मधल्या भोकाच्या आतल्या कडेला. पूर्ण फेऱ्यात फरक ०.४२ मिमी. चालतो साधारण ०.१३ पर्यंत.

बेलहाउसिंग सरकवायचं मात्र निम्मं, ०.२१, कारण केंद्र जेवढं हललेलं असतं त्याच्या दुप्पट फरक गेज दाखवतो. इथेच बरेच जण फसतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून तेवढ्या ऑफसेटच्या (मध्य बाजूला सरकवलेल्या) दोन डॉवेल पिना, म्हणजे बेलहाउसिंगला ब्लॉकवर जागेवर धरणाऱ्या खुंट्या, करून घेतल्या. माणूस हाताचा पक्का. दोन्हींचा ऑफसेट एकाच दिशेला, गेजचं टोक सर्वांत जास्त दबतं तिकडे. पुन्हा आवळून मोजलं: ०.०५. मग अलाइनमेंट टूलने क्लच प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले. गिअरबॉक्स हाताने सरळ आत गेला पाहिजे. बोल्टने ओढून घेऊ नका.

रिव्हर्स आता तापलेल्या इंजिनवरही बिनआवाज पडतो.