हायड्रोजनची गळती : न पेटलेला वायू जास्त घातक, या चुका टाळा

हायड्रोजनच्या लाइनवर काम करणारे आगीला घाबरतात. मला जास्त धास्ती वाटते ती न पेटलेल्या गळतीची. सुटताक्षणी पेटलेला झोत भयंकर जाळतो, पण सहसा एका जागी जळत राहतो. न पेटता खोलीत साचलेला वायू मात्र ठिणगी मिळताच एकदम स्फोट करतो. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाण असलं की तो पेट घेतो. त्याला पेटवायला जेमतेम ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. अंगावरच्या कपड्यांतली स्थिर वीजही तेवढी सहज देते.

सर्रास होणारी चूक म्हणजे जोडातून ‘सूं’ ऐकू आलं की पाना घेऊन तो आवळायला धावणं. आत २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट, दाब असताना जोडाला हात लावू नका. आटे झिजलेले असतील तर जोड उसळून बाहेर येतो. आधी लांबूनच पुरवठा बंद करा, दाब व्हेंटमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, उतरवा, मगच पाना. गळती झालेल्या खोलीत साध्या पंख्याचं बटणही दाबू नका, ठिणगी तिथेच पडते.

धूळ उडवण्यासाठी सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायची सवय इतर वायूंबरोबर खपते, इथे नाही. जोराने सुटलेला हायड्रोजन बाहेरची ठिणगी नसतानाही पेटू शकतो.

ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. हात फिरवून शोधू नका. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा वापरा. तो नसेल तर कोरडा झाडू लांब धरून पुढे सरका, टोक पेटलं की थांबा. आणि पुरवठा बंद होण्याआधी ती विझवू नका, नाहीतर वायू पुन्हा साचू लागेल.

एलपीजीच्या सवयीने गळती ओळखणारा सेन्सर जमिनीलगत बसवलेला असेल तर तो निरुपयोगी. हायड्रोजन हवेच्या १४ पट हलका. तो तुळयांच्या मधल्या खोबणीत आणि फॉल्स सीलिंगवर जमतो. सेन्सर आणि हवा जाण्याचा मार्ग, दोन्ही छतालगत असायला हवेत.

१० जून २०१९ला नॉर्वेत सँडविकाजवळच्या, गाड्यांत हायड्रोजन भरायच्या पंपावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे (बुचाचे) बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. धक्क्याने जवळच्या मोटारीतल्या एअरबॅग उघडल्या. म्हणून अंदाजाने आवळू नका, ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना वापरा, प्रत्येक बोल्टवर खूण करा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.