वर्षानुवर्षांचा राग कसा सोडायचा (परत परत पडणाऱ्यांसाठी)

जय ख्रिस्त. आपल्या मंडळीत दारू पिणाऱ्यासाठी उपास-प्रार्थना ठेवतात, पण घरात रोज आरडाओरडा करणाऱ्याला म्हणतात, "जाऊ द्या हो, त्यांचा स्वभावच तसा." बायबलातल्या गलतीकरांस पत्राचा 5 वा अध्याय उघडून बघा, राग आणि दारूबाजी एकाच यादीत आहेत. मी वीसेक वर्षं हा "स्वभाव" सांभाळला, दर संजीवन सभेत पुढे जाऊन रडायचो आणि दोन दिवसांनी परत तेच, त्यामुळे जे थोडंफार कामाला आलं ते लिहितोय.

आधी "प्रभू, माझा राग काढून टाक" ही मोघम प्रार्थना थांबवा आणि एक वही घ्या. किती वाजता, कोणावर, त्याआधी काय झालं होतं, सगळं लिहायचं. मी पंधरा दिवस लिहिलं तर कळलं की माझा बहुतेक राग संध्याकाळी सात ते साडेआठमधला, कामावरून आल्यावर, पोटात काही नसताना, आणि कायम बायको-मुलांवर, साहेबावर एकदाही नाही. म्हणजे आवरता येतो की! लाज वाटली खरं सांगतो. काइनाला देव विचारतो, तू का संतापलास, आणि मग सांगतो की पाप दाराशी टपून बसलंय (उत्पत्ती 4). हे काइनाच्या हातून भाऊ हाबेलाचा खून व्हायच्या आधीचं बोलणं आहे, तेव्हा अजून वेळ होती.

दार कुठलं ते कळलं की तिथेच अडवायचं. मी आता घरात शिरायच्या आधी खाली गाडीवरच पाच मिनिटं बसतो, बिस्किटाचा पुडा खातो (हसू नका) आणि याकोब 1:19 म्हणतो, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. तरी आवाज चढायला लागला तर सरळ खोलीबाहेर. योसेफसुद्धा त्या दिवशी मोहात पाडणाऱ्या पोटीफरच्या, म्हणजे मालकाच्या, बायकोशी वाद घालत बसला नाही, कपडा तिच्या हातात सोडून पळाला. तुमचं दुखणं राग नसून रात्रीचा मोबाइल असेल तर तो हॉलमध्ये चार्जिंगला लावा, उशाशी ठेवून कसली प्रार्थना करताय.

पण नुसतं अडवून भागत नाही. मत्तय 12 मधलं झाडून-पुसून रिकामं ठेवलेलं घर आठवा, अशुद्ध आत्मा गेला एक आणि परत आला तो आणखी सात जणांना घेऊन. प्रेषित पौलही चोराला चोरी सोड एवढं सांगून थांबत नाही, हातांनी काम कर आणि गरजवंताला दे म्हणतो (इफिस 4:28). माझा भडका मुलाचं गणित घेताना उडायचा, आता गणित बायको घेते आणि मी भांडी घासतो.

सगळ्यात जड जातं ते कबूल करणं. साक्ष देताना आपण "मी पूर्वी फार रागीट होतो" म्हणतो, भूतकाळात, लोक हालेलुया म्हणतात आणि विषय संपतो. याकोब 5:16 वेगळंच मागतं, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. तोंडाचा घट्ट असा एक माणूस शोधा (व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको प्लीज) आणि दर शनिवारी त्याला आकडा सांगा, या आठवड्यात किती वेळा. ज्याच्यावर ओरडलात त्याची माफी वेगळी मागायची, "पण तू पण ना..." हे शेपूट न जोडता. सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं वचन आहे, माझा येतोच सूर्य मावळल्यावर, म्हणून मी झोपायच्या आत असं धरलंय.

हात उचलत असाल तर मात्र वही-बिस्किटं पुरणार नाहीत, आजच पाळकसाहेबांना आणि समुपदेशकाला गाठा, आणि घरच्यांना आधी सुरक्षित राहू द्या.

आणि परत पडलात तर "आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करू" म्हणून आठवडा घालवू नका, त्याच रात्री गुडघे टेका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आपण अजून गातो, त्यांचाही तापटपणा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लपवलेला नाही.

सुरुवातीला माझा आकडा अकरा-बारा असायचा. गेल्या आठवड्यात तीन. आज शनिवार आहे, फोन करायचाय.