बूट होताना दीड मिनिट गायब!

जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स मजेत चालत होतं. शेजारी दुसरं लिनक्स टाकून पाहिलं आणि डेबियन उघडायला दोन मिनिटं लागायला लागली. पडदा काळा, अक्षर नाही. हार्डडिस्क मेली, असंच वाटलं.

ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना कोणती सिस्टम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत डेबियनवर थांबून ‘ई’ दाबलं. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतला ‘क्वाएट’ (बूटचे मेसेज लपवणारा) हा शब्द खोडला आणि कंट्रोल-एक्स दाबून बूट केलं. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आता मेसेज धो-धो पडू लागले, वाचणार कसे? मोबाईलवर व्हिडिओ काढला. एका डिस्कच्या यूयूआयडीसाठी (प्रत्येक पार्टिशनच्या वेगळ्या ओळख-क्रमांकासाठी) ९० सेकंद वाट पाहणं चालू होतं.

आत आल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी’ (या बूटची नोंदवही दाखवणारी कमांड) हिचा सगळा मजकूर फाईलमध्ये वळवला. हे आधी सुचलं असतं तर व्हिडिओचा खटाटोप वाचला असता! नुसत्या ‘डीमेसेज’ कमांडमध्ये कर्नलचंच (लिनक्सच्या गाभ्याचंच) बोलणं दिसतं, सिस्टमडीची (बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार जर्नलमध्ये नीट सापडली. नव्या लिनक्सच्या इन्स्टॉलरने सामाईक स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) फॉरमॅट केलं होतं, त्यामुळे त्याचा यूयूआयडी बदलला, आणि डेबियनची एफएसटॅब फाईल (बूट होताना कोणती पार्टिशन जोडायची त्याची यादी) जुन्याचीच वाट बघत बसली होती.

‘बीएलकेआयडी’ कमांडने नवा यूयूआयडी काढून एफएसटॅबमध्ये घातला. तरी थोडं अडखळत होतंच. इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या सिस्टमच्या) ‘रिझ्यूम’ फाईलमध्येही जुनाच यूयूआयडी होता. तो बदलून, ती नव्याने बनवायला ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवलं.

‘क्वाएट’ मात्र ग्रबच्या सेटिंगमधून कायमचा काढलाय. ओळी धावताना दिसल्या की बरं वाटतं.